परंगिमलैवरचा रिकामा क्रूस

चेन्नईच्या परंगिमलैवर, म्हणजे सेंट थॉमस माउंटवर, जे चर्च आहे ते ज्या मरियेच्या नावाचं आहे ती अजून आई झालेली नाही. पोर्तुगीजांनी १५२३ साली इथे बांधकाम केलं आणि ते प्रतीक्षेच्या मातेला वाहिलं. दिवस भरत आलेली, वाट पाहणारी मरिया. तिचा सण १८ डिसेंबरला, नाताळच्या आठवडाभर आधी. टोलेडोच्या धर्मसभेने ६५६ साली स्पेनमध्ये ही तारीख ठरवली आणि पुढे पोर्तुगीज जहाजांतून हा सण कोरोमंडलच्या किनाऱ्यावर उतरला. नाताळात मनासारखं काहीच घडलं नाही, घरातलं माणूस गेलं, नोकरी गेली, मुलगा परदेशातून आलाच नाही, अशांनी नाताळच्या देखाव्यांपेक्षा या टेकडीवरचा एक दगड पाहावा असं मला वाटतं. तो मुख्य वेदीमागच्या भिंतीत बसवलेला आहे आणि भाविक त्याला 'रक्त गाळणारा क्रूस' म्हणतात.

दगड काळसर, त्यावर उठावाचं कोरीवकाम. मध्ये क्रूस. त्याच्या चारही भुजांची टोकं कळीसारखी उमललेली. खाली पायऱ्यांचा चौथरा, आणि क्रूसाच्या बुंध्यातून दोन्ही बाजूंना वर वळलेल्या पाकळ्या. क्रूस लाकडाचा असतो हे शिल्पकाराला ठाऊक होतं; पण त्याने लाकूड वाळलेलं दाखवलं नाही, त्याला पालवी फोडली. दोन बाजूंना खांब, खांबांवर मकरासारखे प्राणी, त्यांच्या तोंडांतून निघालेली कमान. ही कमान आपल्या देवळांच्या मकरतोरणाची सख्खी चुलत बहीण आहे. क्रूसावर मात्र कोणी नाही. खिळलेलं शरीर नाही, काटेरी मुकुट नाही, जखम नाही. नजर वर नेली की कबुतर दिसतं, पवित्र आत्म्याचं चिन्ह. ते खाली झेपावतं आहे, चोच थेट क्रूसाच्या शिरावर रोखलेली. पण बसलेलं नाही. शिल्पकाराने त्याला उतरण्याच्या क्षणी धरलं आणि तिथेच ठेवलं.

मला या शिल्पातलं सगळ्यात मोठं धाडस हेच वाटतं. देव आला, असं दाखवणं सोपं असतं. बाळ गोठ्यात ठेवलं, मेंढपाळ गुडघ्यावर बसवले की काम झालं. इथे येणं चालू आहे, जागा रिकामी आहे, आणि तरीही लाकडाला पालवी फुटलेली आहे. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या वाट पाहण्याच्या दिवसांचा, सगळा अर्थ यात आला.

परंपरा म्हणते की हा क्रूस येशूचा शिष्य संत थोमा याने स्वतः कोरला आणि त्याला कवटाळूनच तो मेला. अभ्यासक हा दगड साधारण सातव्या ते नवव्या शतकातला मानतात. १५४७ साली पाया खणताना तो सापडला. १८ डिसेंबर १५५८ रोजी, नेमकं प्रतीक्षेच्या मातेच्या सणालाच, मिस्सा चालू असताना त्यातून रक्तासारखे थेंब पाझरले, अशी श्रद्धा आहे. मग हे अधूनमधून होत राहिलं. शेवटची नोंद १७०४ची सांगतात. त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षं दगड कोरडा आहे.

या कोरडेपणाबद्दल कोणी फारसं बोलत नाही. माझ्या मते खरी गोष्ट तिथेच सुरू होते. थोमा हा पुराव्याचा माणूस. पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांना भेटला तेव्हा नेमका तोच हजर नव्हता. जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असं त्याने ठणकावलं. रक्त पाझरणारा दगड म्हणजे थोमाला हवा होता तसाच पुरावा. तो पुरावा बंद झाला आणि लोक मात्र येत राहिले. रोमन पंचांगात पूर्वी थोमाचा सण २१ डिसेंबरला असे: वर्षातल्या सर्वांत लांब रात्रीच्या सुमारास, नाताळच्या चार दिवस आधी. १९६९च्या सुधारणेत तो ३ जुलैला गेला. सोय झाली असेल, पण वाट पाहणारी आई, शंका घेणारा शिष्य आणि मग जन्म, हा क्रम मोडला याची मला हळहळ वाटते.

नाताळच्या तोंडची ही वाट आणि ही शंका चेन्नईला फार जवळची आहे. इथला डिसेंबर म्हणजे ईशान्य मोसमी पाऊस आणि चक्रीवादळं. २०१५ साली डिसेंबरच्या पहिल्याच दिवसांत अड्यार नदी फुगली. टेकडीवरून दिसणारा विमानतळ कित्येक दिवस बंद राहिला, सैदापेट, कोट्टूरपुरम, जाफरखानपेट पाण्याखाली गेले. त्या वर्षीच्या नाताळला अनेक घरांत नव्या कपड्यांआधी नव्या गाद्यांची चिंता होती. त्याआधी २००४. नाताळची सकाळ सरली आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, समुद्र आत आला. सांथोम बॅसिलिकामागे एक लाकडी खांब आहे. समुद्र यापुढे येणार नाही असं थोमाने वचन दिल्याची कथा आहे, आणि त्सुनामीत चर्चच्या आवारात पाणी शिरलं नाही म्हणून ती पुन्हा जोमाने सांगितली गेली. मला ही कथा आवडत नाही. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर पट्टिनपाक्कम आणि श्रीनिवासपुरमच्या कोळीवस्त्या होत्या, आणि त्या लाटेखाली सापडल्या. चर्च वाचवणारा आणि झोपड्या बुडू देणारा देव माझ्या तरी उपयोगाचा नाही. देव सोबत असेल तर तो खांबापलीकडे, पाण्याच्या बाजूलाही असायला हवा. टेकडीवरचा क्रूस हेच मानतो असं मला वाटतं, कारण त्याच्यावर संरक्षणाचं कसलंही आश्वासन कोरलेलं नाही.

मग कोरलंय काय? कमानीच्या कडेने एक ओळ फिरते, पहलवी लिपीत, सासानी इराणच्या भाषेत. केरळातल्या कोट्टयमच्या जुन्या चर्चमध्येही याच घडणीचे क्रूस आहेत. कमानीवरची ती ओळ वाचण्यात विद्वानांची आयुष्यं गेली आणि एकमत झालं नाही. त्यांतल्या बर्नेलने १८७३ साली तिच्यात ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं तत्त्वज्ञान वाचलं. विसाव्या शतकात विंकवर्थने तिचा अर्थ फार साधा लावला: हा क्रूस करवून घेणाऱ्या अमक्याच्या मुलावर, प्रभू, दया कर. मी विंकवर्थच्या बाजूचा. पहलवी मला येत नाही. माझा कौल शिल्पाकडे पाहून आहे. रिकामा क्रूस, न टेकलेलं कबुतर, यांच्या भोवती सिद्धान्त शोभत नाही, मागणं शोभतं. त्या माणसावर दया झाली की नाही हे दगडावर लिहिलेलं नाही. त्याने मागणं कोरवलं, उत्तरासाठी जागा राखली नाही, आणि क्रूस उभा केला.

वेदीच्या वर मरियेचं एक जुनं चित्र आहे. ते संत लूकने रंगवलं आणि थोमाने सोबत आणलं, ही आणखी एक दंतकथा. त्यात बाळ तिच्या कडेवर आहे. म्हणजे नाव गरोदर मरियेचं, चित्र बाळाच्या आईचं, आणि जवळच रिकामा क्रूस. एकाच भिंतीवर वाट पाहणं, येणं आणि जाणं. कोणीही हे योजून मांडलेलं नाही, शतकानुशतकांच्या भरीतून ते जुळून आलं आहे, आणि म्हणूनच ते मला कुठल्याही सजवलेल्या गोठ्यापेक्षा जास्त पटतं.

मराठी वाचकाला हे सगळं दूरचं वाटू नये. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस 'कल्लियाना' इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो, आणि बरेच अभ्यासक ते ठिकाण म्हणजे आपलं कल्याणच मानतात. पहलवी अक्षरांचा असाच एक क्रूस २००१ साली गोव्यात जुवारीकाठच्या आगशीला सापडला. चेन्नईला जाणं जमलं तर १८ डिसेंबरला जा, २५ला नको. नाताळच्या गर्दीत दगड नीट दिसणार नाही. नाहीच जमलं, तर गोव्याच्या सहलीत अर्धा तास पिलारच्या सेमिनरीतल्या संग्रहालयासाठी ठेवा. आगशीचा क्रूस तिथे आहे.