काळा धागा आणि व्हाउचर

सिनेमावर लिहायचं तर माणूस निदान पुण्याचा तरी असावा, नाहीतर कलाशाखेचा तरी. मी अमरावतीचा, बी. कॉम., आणि पोटासाठी अकोल्याच्या एका बँकेत कारकून. पण वीस वर्षं जमाखर्च बघून माणसाला एक दृष्टी येते. नोंद कितीही सुबक असो, आम्ही आधी विचारतो, "व्हाउचर कुठंय?" पडद्यावरच्या चमत्कारांनाही मी हाच प्रश्न विचारतो. विज्ञानातल्या अद्भुतावरचे जुने चित्रपट अजून टिकून आहेत ते माझ्या मते एवढ्याचसाठी. त्यांच्या प्रत्येक चमत्काराला व्हाउचर जोडलेलं आहे.

घरचंच उदाहरण घ्या. दादासाहेब फाळक्यांना सिनेमा काढायचा होता, आणि त्यासाठी भांडवल हवं होतं. भांडवलदार नुसत्या बोलण्यावर पैसे सोडत नाही, हे आम्हा बँकवाल्यांना सांगायला नको. म्हणून त्यांनी 1912 साली एक रोप कुंडीत लावलं आणि दिवसामागून दिवस त्याची थोडी थोडी फिल्म टिपली. पडद्यावर ते रोप डोळ्यांदेखत वाढलं. रोप खरं, माती खरी, खोटा फक्त वेळ! कर्जासाठी इतकं जिवंत तारण मी तरी आजवर पाहिलेलं नाही.

पुढे अदृश्य माणूस आला. वेल्सची कादंबरी 1897 ची, हॉलिवूडने तिच्यावर चित्रपट काढला 1933 साली, आणि 1937 साली मुंबईत विजय भट्टांनी 'ख्वाब की दुनिया' काढला. त्यात वस्तू आपोआप हलायला हव्या होत्या. बाबूभाई मिस्त्रींनी काय केलं? काळ्या पडद्यापुढे वस्तू काळ्या धाग्याने हलवल्या. काळ्यात काळं दडवलं की दिसत नाही, हे तत्त्व काही व्यापाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होतंच. बाबूभाईंनी ते कलेच्या कामी लावलं. लोक त्यांना 'काला धागा'च म्हणू लागले. दोन पैशांच्या रिळावर अशी पदवी मिळवणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. आम्ही तीन वर्षं फी भरून बी. कॉम.च झालो.

त्याच घराण्यातला 1987 चा 'मिस्टर इंडिया'. खरं म्हणजे अदृश्य माणसाइतका स्वस्त चमत्कार नाही. नटाला घरी पाठवलं की झालं! पण मग दाखवायचं काय? तर त्याने उचललेली वस्तू. मारुतीची मूर्ती हवेत उठते आणि त्या आडदांड गोऱ्याला बदडते, तेव्हा मूर्ती खरी असते आणि मार खाणारा बॉब ख्रिस्तोही खरा असतो. वर लाल उजेडात तो अदृश्य माणूस दिसतो ही अट. ही अट म्हणजे त्या कथेचा प्राण. ज्याला कशाचीच अडचण नाही, त्याची आपण काळजी कशाला करावी?

आमचे चिरंजीव म्हणतात, "बाबा, धागा दिसतो की!" दिसतो कधीकधी, नाही कोण म्हणतो? जुन्या चित्रपटांतले काही रबरी राक्षस पाहून भीतीऐवजी त्यांच्याबद्दल मायाच वाटते. आणि संगणकावरचं काम आयतं होतं असंही नाही. चित्रपट संपल्यावर जी शेकडो नावं सरकतात, ती काय रिकामटेकड्यांची असतात? तेही रात्र रात्र जागतात. माझं भांडण संगणकाशी नाही, त्यापायी येणाऱ्या बेसुमार सढळपणाशी आहे. ओव्हरड्राफ्टला मर्यादा नसलेला ग्राहक जसा वागतो, तसे हल्ली दिग्दर्शक वागतात. एका इमारतीने काम भागत असताना सगळं शहर पाडतात.

उलट, नड माणसाला शहाणं करते. 1975 च्या 'जॉज'मधला यांत्रिक मासा खाऱ्या पाण्यात सारखा रुसायचा. मग स्पीलबर्गने तो पाऊण चित्रपट दडवलाच. नुसतं पाणी, पिंपं आणि ते संगीत. लोक समुद्राला भ्यायले! त्याच गृहस्थाच्या 1993 च्या 'ज्युरासिक पार्क'मध्ये डायनोसॉर सगळे मिळून पंधराएक मिनिटं दिसतात, आणि त्यातही संगणकाची मिनिटं थोडी, हाडामांसाच्या म्हणजे लोखंड-रबराच्या डायनोसॉरची जास्त. पावसाच्या दृश्यात त्या अजस्र जनावराची कातडी पाणी पिऊन जड झाली आणि ते थरथरू लागलं. माणसांनी त्याला पुसून कोरडं केलं. अमरावतीत आम्ही ते हिंदीतून पाहिलं, आणि घरी परतताना रस्त्यातल्या म्हशीही जपून ओलांडल्या.

हे मी आमच्या शाखेतल्या शिपाईभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, समोर जनावर असलं तं माणूस जनावराकडं पाह्यते, नसलं तं भिंतीकडं पाह्यते. आपल्याले समजते ना!" समीक्षेची चार पुस्तकं वाचून मला जे सापडलं नव्हतं, ते त्यांनी चहाचा कप ठेवता ठेवता सांगितलं. 1968 च्या '2001 : ए स्पेस ओडिसी'त अंतराळयान म्हणून 38 फूट व्यासाचं चाकच बांधलं होतं. ते फिरायचं आणि नट आतून खरोखर धावायचा. तरंगणारं पेन काचेला चिकटवलेलं होतं. माणूस चंद्रावर उतरला तो पुढच्या वर्षी, पण त्या नटीने ते पेन ज्या सहजपणे हवेतून उचललं, त्यावर अविश्वास दाखवायची आजही छाती होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आत काय आहे हे एकदा कळल्यावर गंमत राहते कुठे? आमच्या वऱ्हाडात महालक्ष्म्या बसतात. आत लोखंडी सांगाडा आहे हे घरातल्या पोरीला ठाऊक असतं. साडीला पिना तीच लावते. पण मुखवटा चढला की तीच पोर आवाज खाली आणते. माहीत असणं आणि मानणं ही दोन वेगळी खाती आहेत. आणि ज्याने स्वतः पिना लावल्या, त्याचं मानण्याचं खातं जास्त भरलेलं असतं.

1933 चा 'किंग काँग' आठवा. पडद्यावर इमारतीवर चढणारं ते धूड म्हणजे दीड-दोन फुटांचा बाहुला. एका सेकंदाला चोवीस चित्रं, आणि दर चित्रासाठी त्याला हाताने किंचित हलवायचं. प्रत्येक वेळी बोटं लागून अंगावरचे केस इकडेतिकडे व्हायचे. म्हणून काँग नुसता उभा असला तरी त्याचे केस वाऱ्यावर हलावेत तसे हलत राहतात. तो वारा नव्हे. कुणीतरी महिनोन् महिने बसून त्या व्हाउचरवर केलेल्या सह्या आहेत त्या.