आकारसाम्य आणि पुरावा : एपेक्स चर्टचा वाद

१९९३ मध्ये विल्यम शॉफ यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातील 'एपेक्स चर्ट' या खडकातून सुमारे ३४६ कोटी वर्षांपूर्वीच्या तंतुमय सूक्ष्मजीवांचे ११ प्रकार वर्णिले. या प्रतिपादनाचा मुख्य आधार आकारसाम्य हा होता. २००२ मध्ये मार्टिन ब्रेझियर व सहकाऱ्यांनी त्यावर मूलगामी आक्षेप घेतला : नमुने उष्णजलीय शिरेतील आहेत आणि तेथे खनिजांच्या घडणीतूनही असे कार्बनी तंतू निर्माण होऊ शकतात. २०१८ मध्ये शॉफ यांनी कार्बनच्या समस्थानिकांच्या मापनाद्वारे आपला पक्ष पुन्हा मांडला. तथापि कार्बन जैविक ठरला तरी आकृती जीवाचीच ठरत नाही. खडकाची उत्पत्ती निश्चित होण्यापूर्वीच आकृतींचे जैविक वर्गीकरण करणे, ही प्रस्तुत अभ्यासकाच्या मते मूळ विवेचनातील गंभीर उणीव होय. संदर्भावाचून लावलेला अर्थ साहित्यात जसा संशयास्पद, तसाच खडकातही.