‘फँड्री’तील शाळा आणि सुनीत थेरांची कावड

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) हा चित्रपट दारिद्र्याची कथा म्हणून अनेकांनी वाखाणला. दिग्दर्शकाला पहिल्या चित्रपटाचे आणि जब्याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे याला बालकलाकाराचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. परंतु केवळ दारिद्र्य हा शब्द येथे पुरा पडतो काय, याचा विचार बौद्ध वाचकाने केला पाहिजे. जब्याला शाळेने नाव काढून टाकून घालवलेले नाही. फी थकली म्हणून तो घरी बसलेला नाही. बाप कचरू याला मुलीच्या लग्नासाठी पैसा हवा आहे, म्हणून मुलाचे हात त्याला कामाला हवेत. येथवर दारिद्र्य. पण ते काम डुकरे धरण्याचेच का, आणि गावात दुसऱ्या कोणाच्या वाट्याला ते का येत नाही, याचे उत्तर दारिद्र्यात सापडत नाही.

खुद्दकनिकायातील थेरगाथेत, द्वादसकनिपातात, सुनीत थेरांनी आपले पूर्वायुष्य सांगितले आहे. आपण नीच मानलेल्या कुळात जन्मलो आणि आपण दरिद्री होतो, या दोन गोष्टी ते वेगवेगळ्या सांगतात. कोमेजलेली फुले गोळा करून फेकणे हे त्यांचे काम. लोक तुच्छ लेखत आणि ते मन खाली घालून सर्वांना वंदन करीत. मगधाच्या नगरीत प्रवेश करणारे तथागत दिसताच ते खांद्यावरची ‘ब्याभङ्गी’, म्हणजे कावडीचा दांडा, खाली ठेवतात आणि वंदनासाठी पुढे होतात. त्यांच्यावरील अनुकंपेने तथागत थांबून उभे राहतात. थेरगाथा शिकवताना हा शब्द आम्ही वर्षानुवर्षे कोशातील अर्थ सांगून पुढे नेत आलो. त्याचे वजन या चित्रपटाने जाणवून दिले, हे कबूल केले पाहिजे.

कारण ‘फँड्री’तही तसाच दांडा आहे. शाळेलगत डुकराचा पाठलाग चालू असताना राष्ट्रगीत सुरू होते. वर्ग उभा राहतो, कचरूचे कुटुंबही जागच्या जागी उभे राहते आणि हाती आलेले डुक्कर निसटते. सगळे थांबले, पण कोणी कोणासाठी थांबले नाही. पुढे तेच डुक्कर बांबूला उलटे टांगून जब्या व घरची माणसे शाळेच्या भिंतीवरून नेतात. भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र, सावित्रीबाईंचे चित्र. या चौकटीला आपल्याकडील प्रेक्षक टाळ्या वाजवतात. आम्हांस ती टाळीची जागा वाटत नाही. ज्या वर्गात चोखोबांचा अभंग शिकवला जातो, त्याच वर्गातील मुले बाहेर हसत गंमत पाहतात. चित्रे भिंतीवर आहेत, बांबू खांद्यावर आहे. बांबू उतरवून घेणारा कोणी नाही.

चित्रपटात उणिवा नाहीत असे नाही. शालू ही जब्याच्या नजरेपुरतीच उरते. तिला स्वतःचे मन दिलेले नाही. काळ्या चिमणीचे प्रकरणही थोडे लांबले आहे. मात्र जत्रेत नवे कपडे घालून नाचणाऱ्या जब्याच्या डोक्यावर गॅसबत्ती दिली जाते, त्या प्रसंगाला मराठी चित्रपटात तोड नाही.

दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पुढे असल्याने आमच्या सिंधुदुर्गातील पालक हे चित्र आपले नव्हे असे सहज म्हणतात. त्यात एक दुसरीही सोय आहे. जब्या कैकाडी आहे. विदर्भात ही जमात अनुसूचित जातींत, तर उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणली जाते. तो आपला नव्हे, हे म्हणायला आपणांसही वेळ लागत नाही. विहारातील रविवारच्या वर्गाला वाडीबाहेर पाल ठोकून राहणाऱ्यांची मुले किती येतात, हे प्रत्येक विहाराने स्वतःच मोजून पाहावे.

मालवण तालुक्यातील एका बौद्धवाडीत आम्ही हा चित्रपट मुलांना दाखवला. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट प्रेक्षकांच्या दिशेने. मोठी माणसे काही वेळ बोलली नाहीत. पाचवीतल्या एका मुलाने विचारले, “तेवा मास्तर खंय होते?” आम्ही भिंतीचा तो प्रसंग पुन्हा लावला. मुलगा पडद्याजवळ सरकून बसला.