माफीनामा आणि क्षमा : ‘डोर’ या चित्रपटाच्या निमित्ताने

प्रेम, वियोग आणि क्षमा हे हिंदी चित्रपटांचे नेहमीचे विषय होत. परंतु त्यांतील क्षमा बहुधा शेवटच्या रिळात उरकली जाते. अपराधी मरणासन्न असतो किंवा पायाशी येऊन रडतो, आणि दुखावलेल्या व्यक्तीपुढे क्षमा करण्यावाचून पर्यायच उरत नाही. नागेश कुकुनूर दिग्दर्शित ‘डोर’ (२००६) हा चित्रपट या रूढीला छेद देतो. कमल यांच्या ‘पेरुमळक्कालम’ (२००४) या मल्याळम चित्रपटावर तो आधारलेला आहे. येथे क्षमा हाच कथेचा आरंभबिंदू आहे आणि ती एका कागदाच्या रूपात मागितली जाते.

हिमाचल प्रदेशातील झीनतचा पती सौदी अरेबियात आपल्या खोलीतील सोबत्याच्या मृत्यूबद्दल दोषी ठरतो. मृताच्या पत्नीने माफीनाम्यावर स्वाक्षरी केली तरच त्याचे प्राण वाचणार असतात. ती पत्नी, मीरा, राजस्थानातील एका हवेलीत वैधव्य कंठीत आहे. इस्लामी कायद्यात क्षमेचा हा अधिकार मृताच्या वारसांना असतो आणि आईवडीलही वारसच ठरतात. चित्रपटाने तो एकट्या मीरेकडे सोपविला आहे. कायद्याच्या दृष्टीने हे सुलभीकरण होय. कलात्मक दृष्टीने मात्र ते समर्थनीय वाटते. ज्या स्त्रीला स्वतःच्या वस्त्रांचा रंगही निवडता येत नाही, तिच्या हाती एका परक्या पुरुषाचे जीवन येते, हा विरोधाभास त्यामुळेच उभा राहतो.

झीनत आपली ओळख लपवून मीरेशी मैत्री करते. वर्गात या चित्रपटाची चर्चा करताना विद्यार्थी हमखास विचारतात, ‘मग ही फसवणूक नव्हे काय?’ प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चित्रपटाची स्तुती करणे मला योग्य वाटत नाही. झीनतची मैत्री हेतूने सुरू होते, हे खरेच. तथापि त्या मैत्रीत जे घडते ते तिच्या हेतूच्या पलीकडचे आहे. वाळूच्या टेकड्यांवर मीरा जेव्हा चित्रपटगीतावर नाचते (सोबतीला श्रेयस तळपदे यांनी साकारलेला बहुरूपी असतो), तेव्हा विधवेच्या चौकटीआड दडलेली तरुण मुलगी आपल्याला पुन्हा दिसते. पुढे सत्य कळताच मीरा संतापते आणि स्वाक्षरी नाकारते.

हा नकार मला चित्रपटाचा गाभा वाटतो. सासरी मीरेला कोणी काही विचारलेलेच नाही. मग ती नाकारणार तरी काय? परिचयाच्या पहिल्या दिवशी तिच्यापुढे कागद ठेवला असता, तर उत्तर सासऱ्यांनी दिले असते. क्षमा करण्यासाठी आधी नाकारण्याचे सामर्थ्य लागते, आणि ते मीरेला झीनतच्या सहवासातच लाभते. म्हणजे झीनत नकळत स्वतःच्याच मार्गात अडथळा निर्माण करते. क्षमाशीलता हा स्त्रीचा दागिना मानणाऱ्या आपल्या समाजात हा मुद्दा सहज निसटतो.

गिरीश कर्नाड यांनी रंगविलेला सासरा कर्जाच्या मोबदल्यात सुनेला कारखानदाराच्या हवाली करण्यास तयार होतो. मुलाच्या मृत्यूचे दुःख आणि हा व्यवहार एकाच माणसाच्या ठायी नांदतात. कर्नाड ते कोठेही भडक होऊ देत नाहीत. उत्तरा बावकर यांची आजी अल्प प्रसंगांतही लक्षात राहते. स्वतः विधवा असलेली ही वृद्धा मीरेकडे हळूहळू वेगळ्या नजरेने पाहू लागते.

झीनतचा पती खरोखर दोषी होता का, याचा निवाडा चित्रपट करीत नाही. झीनतचा त्याच्यावर विश्वास आहे. मीरेपाशी तोही नाही. तरीही ती धावत स्थानकावर येते आणि स्वाक्षरी केलेला कागद झीनतच्या हाती देते. गाडी सुटते, झीनत हात पुढे करते आणि मीरा गाडीत चढते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) या चित्रपटाची आठवण येथे अटळ आहे. दिग्दर्शकाला हा मोह आवरला असता तर बरे झाले असते, असे प्रथम वाटते. परंतु तेथे नायिकेचा हात पित्याने सोडल्यावरच तिला गाडी गाठता येते. मीरेला येथे कोणीही मोकळे केलेले नाही, आणि सासऱ्याला देण्यासाठी तिच्याजवळ दुसरा कागदही नाही.