सभासदत्वाचा दाखला आणि रोमा मुले

लोकशाही आणि मानवी हक्क ही युरोपने जगाला दिलेली देणगी, असे आपल्याकडचे विचारवंत ऊठसूट सांगत असतात. देणगी खरी की खोटी हे प्रस्थापितांच्या सभागृहात बसून कळत नाही. त्यासाठी गावकुसाबाहेर जावे लागते. युरोपच्या गावकुसाबाहेर रोमा राहतात. शतकांपूर्वी भारतातून गेलेल्या या लोकांच्या भाषेत पाण्याला 'पानी' आणि माणसाला 'मनुश' म्हणतात.

युरोप परिषद १९४९ साली स्थापन झाली. युरोपीय संघाहून ही संघटना वेगळी. आज तिचे ४६ सभासद आहेत. सभासद राष्ट्राने मानवी हक्कांचा करार मोडला, तर सामान्य माणसाला आपल्याच सरकारविरुद्ध स्ट्रासबर्गच्या न्यायालयात दाद मागता येते. हेच या सभासदत्वाचे खरे मोल. चेकोस्लोव्हाकियाचे विभाजन झाल्यावर चेक प्रजासत्ताक ३० जून १९९३ रोजी सभासद झाले. साम्यवादी राजवटीतून बाहेर पडलेल्या राष्ट्राला तो सुसंस्कृतपणाचा दाखलाच वाटला.

त्याच राष्ट्रातील ऑस्ट्राव्हा शहरात, १९९६ ते १९९९ या काळात, १८ रोमा मुलांना मतिमंदांसाठी असलेल्या 'विशेष शाळां'त घालण्यात आले. देशातील घटना न्यायालयाने दाद दिली नाही, म्हणून २००० साली ही मुले स्ट्रासबर्गला गेली. त्यांनी मांडलेले आकडे असे : शहरातील प्राथमिक विद्यार्थ्यांत रोमा फक्त २.२६ टक्के, पण विशेष शाळांत ५६ टक्के. रोमा मुलांपैकी ५०.३ टक्के मुले विशेष शाळेत, रोमेतरांपैकी १.८ टक्के. एका समाजाची निम्मी मुले मतिमंद ठरत असतील, तर तपासायची ती मोजपट्टी. पण परीक्षा निःपक्षपाती असते, हा आम्हा शिक्षकांचा आवडता समज आहे.

२००६ साली न्यायालयाच्या पहिल्या पीठाने मुलांच्या विरुद्ध निकाल दिला. १३ नोव्हेंबर २००७ रोजी महापीठाने १३ विरुद्ध ४ मतांनी तो फिरवला. हेतू सिद्ध झाला नाही तरी परिणामातून भेदभाव सिद्ध होतो, असे महापीठाने मानले.

या निकालातील सर्वांत मोलाचा भाग संमतीविषयीचा आहे. सरकारचा बचाव असा, की पालकांनी सह्या दिल्या होत्या. न्यायालयाने त्या सह्यांचा कागद पाहिला. तो आधीच भरून ठेवलेला होता. दुसरा पर्याय कोणता, दोन अभ्यासक्रमांत फरक काय, याचा त्यात उल्लेखही नव्हता. शिवाय नेहमीच्या शाळेत मूल एकटे पडणार, हिणवले जाणार; विशेष शाळेत निदान आपली माणसे तरी असतील, अशा कात्रीत पालक सापडले होते. वांशिक भेदभाव न होण्याचा हक्क असा सोडून देताच येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. अंगठ्याचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. लाचारीतून दिलेली सही म्हणजे संमती नव्हे, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको.

पण निकालाची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रत्येक मुलाला ४००० युरो मिळाले. गेलेली शाळा मिळाली नाही. 'विशेष शाळा' हे नाव २००५ साली लागू झालेल्या कायद्यापूर्वीचे. नाव बदलले, वेगळा अभ्यासक्रम बराच काळ राहिला. २०१६ साली तो रद्द झाला, तरी रोमा मुलांचीच म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळा उरल्या. निकाल अमलात येतो की नाही हे पाहते मंत्र्यांची समिती, म्हणजे सभासद सरकारांचेच प्रतिनिधी. पाटलाच्या वागणुकीवर पाटलांनीच देखरेख ठेवायची, असा हा प्रकार! राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता या विसंगतीबद्दल बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इशारा दिला होता. युरोपलाही तो तंतोतंत लागू पडतो.

म्हणून सभासदत्व निरुपयोगी ठरते काय? नाही. ते दार आहे, आणि ते ठोठावणारे हात लागतात. ऑस्ट्राव्हात मुख्याध्यापकांना प्रश्नावल्या देऊन कोणत्या शाळेत किती रोमा मुले हे मोजले गेले, तेव्हा कुठे अन्यायाला पुरावा मिळाला. आपल्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी निकालाच्या गौरवापेक्षा ही मोजणी उचलावी. कोणते मूल कोणत्या शाळेत, कोणत्या बाकावर आणि कोणाच्या सहीने बसले, हे विचारीत राहावे.