वारली चौकाच्या दोन प्रती

वारली लोकांच्या लग्नघरांत भिंतीवर जो चौक असतो तो काढला, असें आपण म्हणतों. ते लोक तो लिहिला, असें म्हणतात. या एका क्रियापदामुळें हस्तलिखितांच्या अभ्यासकांस या चित्राविषयीं बोलण्याचा अधिकार प्राप्त होतो, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. जें लिहिलें जातें त्यास लेखक असतो, लेखनसाहित्य असतें, त्याच्या प्रती होतात आणि प्रतींत दोष शिरतात. संगणकाच्या साहाय्यानें या चौकांच्या ज्या प्रती अलीकडे तयार होत आहेत, त्यांस पोथीची कसोटी लावून पाहावी, एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

प्रथम मूळ चौकाचें वर्णन. डहाणू तालुक्यांतील कासा या बाजारगांवाजवळच्या एका पाड्यावर इ. स. २००९ मध्यें प्रस्तुत लेखकानें एका लग्नघरांतील चौकाचें छायाचित्र डिजिटल कॅमेऱ्यानें घेतलें. भिंत कारवीच्या कुडाची, माती व शेण यांनीं लिंपलेली, वर गेरूचा हात. रंग एकच, तांदळाच्या पिठाचा. लेखणी म्हणजे टोंक चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी. लिहिणाऱ्या सवासिनी होत्या आणि शेजारीं धवलेरीचीं गाणीं चाललीं होतीं. मध्यें पालघट देवी, तिच्या भोंवतीं नक्षीच्या पट्ट्यांची चौकट. वरच्या अंगास एका बाजूला सूर्य व दुसरीकडे चंद्र. खालीं एकीकडे फणी, दुसरीकडे शिडी. पिठाचा रंग ओला असतां फिका दिसतो, वाळल्यावरच पांढरा उमटतो. म्हणून लिहिणारीस स्वतःची रेघ लिहितांना पुरती दिसत नाहीं. काडीवरचें पीठ संपत आलें कीं रेघ विरळ होते, काडी पुन्हां बुडविली कीं ठसठशीत होते. या चढउतारावरून हात कोठें सुरू झाला व कोठें थांबला, हें जाणत्यास वाचतां येतें.

गेल्या वैशाखांत कासा येथें एका मांडवाच्या तोंडाशीं मोठा फ्लेक्स लावलेला पाहिला. त्यावरील चौक ओळखीचा वाटला. चौकशी करतां कळलें कीं, प्रस्तुत लेखकानेंच पूर्वीं एका तरुणास दिलेल्या छायाचित्रावरून तो संगणकावर उतरविला होता. म्हणजे भिंत हें मूळ, छायाचित्र ही पहिली प्रत, फ्लेक्स ही दुसरी. प्रतींचा वंशवृक्ष इतका निर्विवाद आपल्या हातीं क्वचितच येतो. दोन्ही प्रती ताडून पाहतां पुढील गोष्टी आढळल्या.

(१) चौकट. पहिल्या प्रतींत पट्टीची नक्षी डाव्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू होऊन चारी बाजू फिरून तेथेंच येते. शेवटीं जागा अपुरी पडल्यामुळें अखेरचे तीन त्रिकोण दाटीनें बसविले आहेत. ओळीच्या अखेरीस लेखक अक्षरें दाटून लिहितो, अगदीं तसे. दुसऱ्या प्रतींत एकच त्रिकोण मोजून मापून सर्वत्र बसविला आहे. चौकट निर्दोष झाली, पण लेखन कोठें आरंभलें व कोठें संपलें याचा पुरावा नाहींसा झाला.

(२) सूर्य व चंद्र. हा दोष सर्वांत मोठा आहे. दुसरी प्रत करणाऱ्यानें चित्राचा डावा अर्धा भाग रेखून घेतला आणि उजवा भाग यंत्राच्या आज्ञेनें आरशांतल्याप्रमाणें उलटवून जोडला. परिणाम असा कीं, दुसऱ्या प्रतींत सूर्य दोन आहेत व चंद्र मुळींच नाहीं. फण्या दोन आहेत, शिडी गेली. पोथी उतरणारा डुलकी लागून एक ओळ दोनदां लिहितो व पुढची गाळतो, तो हाच दोष. भेद एवढाच कीं, डुलकी लागलेल्या लेखकाची चूक शोधकास खटकते. यंत्राची चूक सममितीच्या सौंदर्याखालीं झांकून जाते. मांडवांत शेंकडों माणसें आलीं असतील; दोन सूर्यांविषयीं कोणीं कांहीं बोलल्याचें ऐकण्यांत नाहीं.

(३) प्रक्षेप. चौकटीबाहेर तारप्याच्या नाचाचें वेटोळें जोडलें आहे. तें मूळ भिंतीवर नव्हतें. त्यांतील नाचणारीं माणसें एकाच आकृतीच्या नकला आहेत; एकाचा जो गुडघा वांकला आहे तोच सर्वांचा वांकला आहे.

(४) रेघ. आरंभापासून अखेरपर्यंत सारख्या जाडीची. ती लिहिणाऱ्याविषयीं कांहींच सांगत नाहीं.

एवढें पाहून यंत्रासच दोष देणें सोपें आहे, पण तें न्यायाचें नव्हे. गणपत कृष्णाजी यांनीं इ. स. १८३१ पासून मुंबईस शिळाप्रेसवर मराठी छपाई आरंभिली, तेव्हां शाईंत चरबी असते म्हणून सोंवळे लोक छापील पोथीस शिवत नसत; त्यांनीं शाईंत तूप घालून तो आक्षेप दूर केला, असें सांगतात. आक्षेप शाईस होता. शाई बदलतांच यंत्र चाललें. शिवाय चौकाचा पहिला स्थानभ्रंश संगणकानें केलेला नाहीं. इ. स. १९७० नंतरच्या दशकांत भास्कर कुलकर्णी यांनीं या भागांत कागद व रंग आणून दिले, तेव्हांच चित्र भिंतीवरून उतरलें आणि सवासिनींच्या हातून पुष्कळसें पुरुषांच्या हातीं गेलें. त्या कागदावरच गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनीं आपली अपूर्व शैली घडविली, इ. स. २०११ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली. साधन बदललें म्हणून कला मेली, असें त्यांची चित्रें पाहणारा म्हणणार नाहीं.

याच खोऱ्यांत एक तिसरी रीतही पाहण्यांत आली. एक तरुण चित्रकर्ती आकृतींची मांडणी आधीं टॅबलेटवर करते. कोणती आकृति कोठें बसावी, किती मोठी असावी, हें तेथें पुसून पुसून ठरवते. मग पडदा बाजूस ठेवून शेणमातीनें सारवलेल्या कापडावर काडीनें लिहिते. तिच्या कापडावर रेघ विरळ होते, दाट होते, शेवटचा त्रिकोण दाटून बसतो. फ्लेक्सच्या कर्त्यानें यंत्राकडून हाताचें काम करून घेतलें; हिनें त्याच्याकडून खडूपाटीचें काम घेतलें. दोहोंत गुणाचें अंतर पडतें तें येथें. यंत्र साक्षी म्हणून विश्वासू आहे, कच्चें टिपण ठेवणारा म्हणून उपयोगी आहे. त्यास लेखक करूं नये.

आतां मुख्य गोष्ट. आपल्या पोथ्यांच्या अखेरीस पुष्पिका असते. कोणीं, कोठें, कोणत्या शकांत, कोणासाठीं लिहिलें, हें तींत असतें. ती नसेल तर उत्तम पोथीचेंही मोल आपण कमी धरतों. या डिजिटल प्रतींस पुष्पिका नाहीं. इ. स. २०१४ मध्यें वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली, ही समाधानाची गोष्ट आहे; परंतु तें संरक्षण प्रदेशाचें व समाजाचें आहे. अमुक चौक अमुक बाईनें लिहिला, हें त्यावरून कळत नाहीं. म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, चौकाची कोणतीही प्रत, छायाचित्र असो वा छापील पट असो, संग्रहीं घेतांना तिच्याबरोबर चार गोष्टी टिपून घ्याव्या: लिहिणारणींचीं नांवें, पाडा व प्रसंग, पृष्ठभाग व रंग, आणि मागाहून यंत्रानें केलेला फेरफार. नांव प्रसिद्ध करावें कीं नाहीं, हें मात्र त्या बाईच्याच इच्छेवर सोडावें.

ही विनंति करण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास कितपत आहे, हेंही सांगितलें पाहिजे. फ्लेक्स पाहून परत आल्यावर मीं माझें जुनें छायाचित्र काढून तपासलें. त्यांत तारीख आहे, पाड्याचें नांव आहे, भिंतीचें मापसुद्धां आहे. चौक लिहिणाऱ्या सवासिनींपैकीं एकीचेंही नांव नाहीं, कारण मीं तें विचारलेंच नाहीं. प्रत करणाऱ्या तरुणानें चंद्र गाळला; लेखिका त्याच्या आधींच मीं गाळली होती. तो कूड आतां राहिला नाहीं, तेथें विटांचें घर झालें आहे. त्या लग्नांत हजर असलेल्या म्हाताऱ्या बायांस पाड्यावर जाऊन छायाचित्र दाखवावें, असें ठरविलें आहे. दोन आठवड्यांपूर्वीं एकीनें चौकटीची दाटलेली बाजू पाहून हात कोणाचा असावा तें सांगितलें. दुसऱ्या बाईकडून दुजोरा मिळेपर्यंत तें नांव पेन्सिलीनेंच लिहून ठेवलें आहे.