‘पुढे’चं बटण आणि ‘अथ’चा वाद

आमच्या सूनबाई प्राथमिक शिक्षिका. 2020 मध्ये ‘निष्ठा’ प्रशिक्षण ‘दीक्षा’वर ऑनलाइन आलं, त्याचे 18 कोर्स त्यांनी केले, तेव्हापासून घरात असल्या कोर्सांची वर्दळ असते. परवा त्या असाच एक वेगळा कोर्स करत होत्या. नाव घेत नाही. मोबाइल ओट्यावर डब्याला टेकवलेला, आवाज बंद, आणि तव्यावर भाकरी. आम्ही विचारलं, हे कसलं शिक्षण? त्या म्हणाल्या, “बाबा, व्हिडिओ संपल्याशिवाय ‘पुढे’चं बटण उघडत नाही. विषय अपूर्णांकांचा. 14 वर्षं मी तेच शिकवतेय.”

कोर्स करणारा आपल्या सवडीनं शिकेल, असं पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. मग हे कुलूप कशाला? कोर्स बनवणारे सांगतात, कुलूप नसलं तर लोक न वाचता शेवटच्या पानावर जातात. जातात, खरं आहे. पण कुलूप लावल्यावर लोक वाचतात, हे यातून सिद्ध होत नाही. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं 1950 च्या दशकात शिकवण्याचं यंत्र केलं. तेही एकेक पायरीनंच पुढे नेई, पण निदान प्रत्येक पायरीला उत्तर तरी मागे. आजचं बटण फक्त मिनिटं मागतं.

आपल्याकडे हा वाद जुना आहे. ब्रह्मसूत्रांचा पहिलाच शब्द ‘अथ’, म्हणजे ‘यानंतर’. आता कशानंतर? रामानुजांचं म्हणणं, आधी कर्ममीमांसा, मग ब्रह्मविचार. दोन्ही मिळून एकच शास्त्र. शंकराचार्य म्हणतात, धर्मजिज्ञासा आधी झालीच पाहिजे असं नाही. विवेक, वैराग्य, शमदमादी संपत्ती आणि मोक्षाची इच्छा हवी. म्हणजे आधीचा कोर्स पुरा केल्याचा दाखला नको, तयारी हवी. आम्ही इथे शंकराचार्यांच्या बाजूचे आहोत, हे आपल्या लक्षात आलंच असेल.

क्रम नकोच, असं मात्र आम्ही म्हणत नाही. भागाकार न येणाऱ्याला अपूर्णांकात ढकलणं हा छळच. आणि विजेच्या तारेशी काम करणाऱ्यानं सुरक्षेचा धडा गाळू नये, तिथं कुलूप असू द्या. कोल्हापुरात तर हे सांगायलाच नको. तालमीत आल्या आल्या कुणी पोराला मोठ्या पैलवानाशी लढवत नाही. आधी जोर, बैठका. पण वस्ताद घड्याळ बघत नाही, पोराची मांडी बघतो, दम बघतो. एखादा गावाकडनं तयार होऊन आला असेल तर त्याला लवकर आखाड्यात उतरवतो. थांबवण्याचा अधिकार वस्तादाला मिळतो तो या बघण्यामुळं. बटण काहीच बघत नाही.

मग करावं काय? चाचणी आधी घ्या. जो पास होईल त्याला सगळे धडे मोकळे करा, अडेल त्याला नेमका त्या धड्याकडे न्या. उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरतील म्हणाल, तर ती आत्ताही फिरतात.

त्या दिवशी सूनबाईंचं चाचणीत एक उत्तर चुकलं. का चुकलं ते बघायचं म्हणून गॅस बंद करून, हात धुऊन त्या मागच्या धड्यावर गेल्या. तर व्हिडिओ पहिल्यापासून सुरू, आणि पुढे सरकवायची सोय नाही!